पुढे देण्याची परवानगी

वहिनी मोफत सॉफ्टवेअरचा संग्रह सांभाळायच्या आणि परवान्याच्या बाबतीत सख्ख्या दिराचीही गय करायच्या नाहीत. त्याने आईच्या अधू डोळ्यांसाठी अक्षरं मोठी करणारा प्रोग्राम लिहिला होता. तो त्यांनी संग्रहात घेतलाच नाही.

“‘फुकट वापरा’ असं लिहिलंयस. ‘दुसऱ्याला द्या’ असं कुठे लिहिलंयस?”

“मी कधी कुणाला नाही म्हणालोय? उगाच राईचा पर्वत करता, वहिनी.”

“एक गृहस्थ होते, तेही कुणाला नाही म्हणायचे नाहीत. ते गेले, आणि त्यांचा सुरेख प्रोग्राम माझ्याकडे नुसता पडून आहे. आता परवानगी मागू कुणाकडे?”

दिराने कीबोर्ड ओढला आणि परवान्यात एक ओळ लिहिली: कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा, मला विचारायला थांबू नये.