उर्सूल खाली उतरली नाही

उर्सूल फ्रेंचांच्या बेटावर, लिम्बेच्या उसाच्या मळ्यावर आली तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. काँगोच्या किनाऱ्यावरून निघालेल्या जहाजात तिची थोरली बहीण सोबत होती. बहीण वाटेतच गेली आणि तिला समुद्रात टाकून दिलं. उर्सूल हे नाव मळ्याच्या गोऱ्या कारभाऱ्याने ठेवलं. आधीचं नाव काय, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "ते तुमच्या तोंडी घालायला नाही ठेवलेलं."

बोलणं असं तिरसट. पण कामाला वाघ. म्हणूनच तिला चरकावर नेमलं. ऊस एका बाजूने घालायचा, रस पन्हळीतून काहिलीकडे जायचा आणि पलीकडून चिपाडं पडायची. खेचरं गोल फिरत राहायची. गळिताच्या दिवसांत चरक थांबत नसे.

मालक फ्रान्समध्ये होता. मळ्यावर खरं राज्य मुकादमाचं. मुकादम तेलेमाक हासुद्धा गुलामच, इथेच जन्मलेला, चांगला उंचापुरा. पहाटे शंख फुंकून तोच सगळ्यांना उठवायचा आणि चाबूकही त्याच्याच हातात असायचा. कारभाऱ्याने पंधरा फटके सांगितले तर तो पंधराच मारी. चौदा नाही, सोळा नाही. "माझ्या हातून अन्याय होत नाही," असं तो अभिमानाने सांगायचा. उर्सूलचा राग नेमका त्यावरच होता. कारभारी काही मोजायला उभा नसायचा. मग एकदा तरी चौदा का नाहीत?

बाविसाव्या वर्षी तिला ताप भरला. ती तेलेमाकला म्हणाली, "आज दुसऱ्या कुणाला उभं कर. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

"कारभाऱ्याला विचारलंय. तो नाही म्हणतो."

"मी कारभाऱ्याला नाही विचारत. तुला विचारतेय."

"मी काय वेगळा आहे?" एवढं बोलून तो गेला.

दुपारी तिचा उजवा हात उसाबरोबर आत गेला. चरकाशेजारी यासाठीच कुऱ्हाड ठेवलेली असे. तेलेमाकने धावत येऊन एका घावात कोपराखाली हात तोडला. ती जगली. तो ऊस मात्र गाळून पूर्ण झाला.

महिनाभराने तो तिच्या झोपडीच्या दारात येऊन उभा राहिला. "जगलीस ना? दुसरा कुणी असता तर हात खांद्यापर्यंत गेला असता."

"आधी खेचरं थांबवायची होतीस."

"खेचरं थांबायला वेळ लागतो."

"आणि तुला थांबायला?"

त्यानंतर तिला कोंबड्या राखायला आणि भोपळ्याच्या वेलांना पाणी घालायला ठेवलं.

सतराशे एक्याण्णव सालच्या पावसाळ्यात आसपासच्या मळ्यांचे मुकादम रविवारी जमायला लागले. कारभाऱ्याला वाटायचं, जेवणं चालली आहेत. ऑगस्टच्या अखेरीला एका सकाळी पूर्वेला आभाळ काळं झालं. शेजारचा मळा पेटला होता. भर दुपारी तेलेमाकने शंख फुंकला. अशा अवेळी तो कधीच वाजला नव्हता, म्हणून सगळे धावत आले.

"आज ऊस तोडायचा नाही," तो म्हणाला. "जाळायचा."

कारभारी घोड्यापर्यंत पोहोचलाच नाही. लोकांनी त्याला अंगणातच कोयत्यांनी तोडलं. उर्सूलने डाव्या हातात चुलीतलं लाकूड घेतलं आणि ती चिपाडांच्या कोठाराकडे निघाली.

"उर्सूल, मागे हो. बायका मागे थांबतील," तेलेमाक ओरडला.

"मुकादमा, आजपासून मला थांब म्हणायचं नाही."

कोठार कापसासारखं पेटलं. मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तो चाबूक टाक ह्यात."

त्याने कमरेच्या चाबकाकडे पाहिलं. "लोकांना आवरायला काहीतरी लागतं. हे सगळं उद्या कोण आवरणार, तू?"

चाबूक त्याने टाकला नाही, आणि उर्सूल ते विसरली नाही.

दोन वर्षांनी फ्रेंच सरकारचा गुलामगिरी गेल्याचा जाहीरनामा झाला. लोक नाचले. थोड्याच दिवसांत हुकूम आला की ज्याने त्याने आपापल्या जुन्या मळ्यावरच काम करायचं, मळा सोडून जायचं नाही. तेलेमाक तोवर फौजेत कप्तान झाला होता. निळा डगला घालून तो घोड्यावरून मळ्यांची पाहणी करायचा. उर्सूल डोंगरात निघून गेली. तिथे बाझील नावाचा सुतार तिला भेटला. अबोल माणूस होता. तिचं तिरसट बोलणं तो हसण्यावारी न्यायचा. दोघांनी उतारावर कसाव्याचे कंद, केळी आणि थोडी कॉफी लावली. तिच्या आयुष्यातली बरी वर्षं म्हणायची तर तेवढीच.

मग आठ-नऊ वर्षांनी, बेट पुन्हा मुठीत घ्यायला, फ्रान्सची मोठी फौज उतरली. फ्रेंचांच्याच ग्वादलूप बेटावर पुन्हा गुलामगिरी आणल्याची बातमी आली तेव्हा डोंगरातली माणसं लढायला उठली. उर्सूल कसाव्याच्या टोपलीत तळाला बंदुकीची दारू घालून पहारे ओलांडायची. थोट्या बाईची झडती घ्यायला शिपायांना किळस वाटायची.

त्या दिवसांत आपले कितीतरी सरदार फ्रेंचांना जाऊन मिळाले होते. तेलेमाकही गेला. हुकूम आला तसा तो आपली तुकडी घेऊन डोंगर पिंजून काढायला निघाला. भर सकाळी त्यांनी बाग उपटली, झोपडी जाळली आणि बाझीलला दोर लावून खाली नेलं. उर्सूल झऱ्यावर गेली होती. आठवड्याने काप शहरात बाझीलला फाशी दिली.

दोन महिन्यांनी वारं फिरलं. इथेही गुलामगिरी परत येणार हे कळल्यावर तेच सरदार पुन्हा आपल्यात आले, आणि शंभर बंदुका घेऊन तेलेमाक डोंगरातल्या तळावर हजर झाला. तळाचा म्होरक्या म्हातारा सेनातूस, तळाची चूल सांभाळणाऱ्या उर्सूलला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, मला ठाऊक आहे. पण शंभर बंदुका आहेत."

"बंदुका घ्या की. त्याला माझ्या चुलीपाशी बसवू नका."

"जेवायचं काय त्याने?"

"हुकूम चावायचा."

वर्षभर तो त्याच तळावर होता. लढला चांगला, मांडीत गोळीही खाल्ली. उर्सूलने त्याला एक घास वाढला नाही. शेवटी फ्रेंच जहाजांत बसून गेले. जानेवारीत गोनाईव्हला स्वातंत्र्य जाहीर झालं आणि देशाला हैती हे जुनं नाव परत मिळालं. उर्सूल त्या दिवशी नव्या जागेवर कसाव्याचे दांडे रोवत होती. बातमी आणणाऱ्याला तिने विचारलं, "मळे कुणाचे?"

"सरकारचे."

"मग पुढचं नको सांगूस."

लिम्बेचा मळा तेलेमाकला मिळाला. वसंतात तो स्वतः डोंगर चढून आला. खेचरावर बसलेला, मांडी आखडलेली, सोबत दोन शिपाई. उर्सूल दारात मांडी घालून बसली होती. पायांच्या पंजात कसावा धरून डाव्या हाताने किसत होती.

"पाणी दे," तो म्हणाला.

"झरा खाली आहे."

आमच्या डोंगरात कुणी वैऱ्यालाही पाणी नाकारत नाही. शिपायांनी माना खाली घातल्या.

तेलेमाक दगडावर टेकला. "चरक पुन्हा सुरू करायचाय. तुझं नाव यादीत आहे. हात नाही म्हणून कोंबड्याच राखायच्या, मी सांगून ठेवलंय."

"उपकार झाले."

"फ्रेंच परत येतील, उर्सूल. किल्ले बांधायचेत, तोफा पाहिजेत. त्या कशाच्या बदल्यात मिळणार, तुझ्या कसाव्याच्या? साखर पाहिजे. चाबूक नाही आता, कायद्याने बंद आहे."

"हातात ते काय आहे मग?"

त्याने हातातली वेलाची जाड काठी बाजूला ठेवली. "बाझील तुझा माणूस होता, हे मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर?"

खोटं बोलणं त्याला सोपं होतं. त्याने डोंगराकडे पाहिलं. "तरी नेला असता. हुकूम होता."

"बघ. तीस वर्षं झाली, मालक बदलले, झेंडा बदलला. तू तसाच."

तो उठला. "बांधा हिला."

दोन्ही शिपाई जागचे हलले नाहीत. तोवर वरच्या झोपड्यांतल्या बाया आणि दोन म्हातारे कोयते घेऊन आले. कुणी आवाज चढवला नाही. त्यांतला सेनातूस म्हणाला, "कप्तान, ऊन चढायच्या आत उतरा. तुमच्या मांडीला त्रास होईल."

तेलेमाक उतरला. त्याच्यामागून एकच शिपाई गेला. दुसऱ्याने बंदूक झाडाला टेकवली आणि राहायला कुठे जागा आहे, असं विचारलं.

पुढच्या चार वर्षांत दोनदा माणसं तिला न्यायला आली. दोन्ही वेळा उर्सूल आणखी वर सरकली आणि पुन्हा नव्याने लागवड केली. खाली माणसांवाचून चरक अर्धवटच चालायचा. हळूहळू उसात रान माजलं. तेलेमाक तिथेच, गोऱ्या कारभाऱ्याच्या जुन्या घरात, पोटाच्या दुखण्याने मेला.

त्याच्या मयताला डोंगरातले बरेच जण गेले. कप्तान होता, शिवाय जेवण आणि उसाची दारू होती. उर्सूल गेली नाही. जे गेले त्यांच्याशी ती महिनाभर बोलली नाही. सेनातूस समजूत घालायला आला. "मेलेल्यावर कसला राग, बाई?"

"मेला ते बरं झालं," ती म्हणाली. "पण तू तिथे जेवलास."