शेवया सोलायचा धंदा

आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागंल. मी स्वतःच्या हातानं स्वतःची जी फजिती करून घेतली ना, ती दुश्मनाची बी होऊ नये!

आमच्या बजाजनगरात शेजारी रावसाहेब म्हणून वायरमन राहतात. भंगारातली जाड केबल आणायची, ओट्यावर बसून सोलायची, आतलं तांबं विकायचं. त्या तांब्यावर माणसानं चक्क नवाकोरा कूलर आणला! कूलर त्यांच्या घरात, आणि गरम कोण व्हायलं? मी!

वर आमची बायको सुनीता म्हणते, "बघा, माणसं सुट्टीत बी काही ना काही करत्यात."

बस! गेलो आणि भंगारवाल्याकडून पोतं भरून वायर उचलली. टेलिफोनची, नेटची, केसासारखी बारीक. तांबं ते तांबंच, नाय का?

नाय हो! जाड केबल सोलणं म्हणजे केळं सोलणं. बारीक वायर सोलणं म्हणजे शेवया सोलणं! ब्लेड लावलं की तार तुटते, दात लावला की दात हलतो. अख्खा रविवार गेला, बोटाबोटाला पट्टी लागली, आणि तांबं? मूठभर! पाहुण्या म्हणून आलेल्या सासूबाईंनी तो गोळा उचलून पाहिला.

"जावईबापू, भांड्याची घासणी घरीच केली व्हय?"

भंगारवाला तर कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे भाई, ये बारीक वाला छीलते नहीं, जैसा है वैसाच बेचते!" आलेल्या पैशात पट्ट्यांचा खर्च बी निघाला नाय.

परत येतो तर गल्लीच्या तोंडाशी रावसाहेब.

"काय भाऊ, तुम्ही बी सोलायलात म्हणं? बारक्या वायरीत परवडतं का काही?"

आता खरं सांगायचं का नाय? पण जीभ सरळ वळंल तर शपथ!

"परवडतं? अहो, जाड केबलीत काय ठेवलंय! खरी मजा बारक्यातच!"

रावसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. काय सांगू, त्या रात्री लागली इतकी गाढ झोप मला वर्षभरात लागली नव्हती!

पुढच्या रविवारी सकाळी दारात रावसाहेब. दोन्ही खांद्यांवर दोन पोती.

"तुमच्या भरवशावर आणली भाऊ. पण माझ्या हातानं तार तुटायलीय. जरा युक्ती दाखवा की."

आता काय करता? बसलो. एक सोलून दाखवली.

"वा! काय सफाई आहे हाताला!"

मी फुगलो. आणखी एक दाखवली. मग आणखी. ते "वा वा" करत राहिले, मी सोलत राहिलो. मान वर केली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं आणि समोर कुणीच नव्हतं.

सुनीता बाहेर आली. "कुणाला शोधताय?"

"रावसाहेबांना! इथंच तर होते!"

"ते व्हय? ते वहिनींना घेऊन सिनेमाला गेले. जाताना सांगून गेले, दुसऱ्या पोत्याची घाई नाय म्हणं, सावकाश होऊ द्या."