भोंगाकाकांचा बिनआवाजी कॉम्प्युटर

भोंगाकाकांना हळू बोलता येत नसे. दिल्लीत आर. के. पुरममध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत, आणि त्यांच्याकडे आज कोणती भाजी आहे हे आम्हाला खाली कळे. मंडळाच्या गणपतीत त्यांच्या हाती माइक द्यायची कोणाची हिंमत नव्हती. नाव आम्ही पोरांनी ठेवलेलं, पण फोन उचलून तेच सांगत, "बोला, भोंगा बोलतोय!" आता ते अमरावतीला असतात.

कुठलंही यंत्र कंपनीनं नेमून दिलेल्या वेगानं चालवायचं नाही, हा त्यांचा दुसरा बाणा. सरकारी खात्यात ते विजेचे इंजिनियर होते. घरचा कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जुळवला आणि त्याचा वेग दामटून वाढवून ठेवला. "कंपनीवाले डरपोक असतात यार," ते म्हणत. वेग वाढला की यंत्र तापतं, म्हणून आत दांडगे पंखे बसवले. ते चालू झाले की खोलीत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटे.

मग एका मे महिन्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढायचं ठरलं, येत्या सोमवारी. मी गुरुग्रामला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. मी त्यांना सांगितलं की तुमची वाक्यं ऐकून कॉम्प्युटर तुमचा आवाज शिकेल. पुढे तुम्ही टाइप कराल ते तो तुमच्या आवाजात बोलेल. पण वाक्यं भरपूर हवीत, आणि शिकवणं आणि तपासणं दोन्ही सोमवारच्या आत हवं. यंत्राचं कुठे चुकलं, तर ते पुन्हा म्हणून दाखवायला नंतर गळा नसणार होता.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. यंत्रानं काकांच्या आवाजाबरोबर पंख्यांची घरघरही शिकून घेतली. पंखे थांबवले की कॉम्प्युटर तापून बंद पडे. वेग उतरवला तर सोमवार गाठता येत नव्हता. एसी त्या एकाच खोलीत, म्हणून काका आणि कॉम्प्युटर दोघंही तिथेच. बाहेरच्या खोलीत बसचे हॉर्न. उरला पाण्याचा मार्ग. बंद नळ्यांतून पाणी फिरवून यंत्र गार ठेवायचं, जवळजवळ आवाज न करता.

"विजेच्या डब्यात पाणी? मी जिवंत असेपर्यंत नाही!" काका गरजले, आणि लगेच खोकल्यानं वाकले. काकू दारातून म्हणाल्या, "तत्त्व राहील आणि आवाज जाईल. बघा काय करायचं ते."

काका गुमान माझ्या स्कूटरवर मागे बसले. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून आम्ही पाण्याचा संच आणला आणि त्यांनीच तो बसवला. सुरू केला तर गुडगुड आवाज, आणि पडद्यावर तापमानाचा आकडा चढत चाललेला. काकांनी डब्याला कान लावला. "पंपात हवा अडकलीय. आपल्या खिडकीतल्या कूलरमध्ये अडकते तशी." मग खाली मान घालून म्हणाले, "माझंच चुकलं. गळती झाली तर पाणी विजेवर पडू नये म्हणून मी पाणी गार करणारा जाळीचा भाग तळाशी लावला. त्यामुळे पंप सगळ्यात वर आला, आणि हवा वरच जाणार ना."

त्यांनी सगळं उलटं केलं. आयुष्यभर लोकांना ज्यासाठी दम दिला, तेच करायला त्यांचे हात तयार होत नव्हते. स्क्रू फिरवताना पेचकस दोनदा निसटला. "पाणी वर, वीज खाली. इंजिनियरबाई, डोळे मिटून घे," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. गुडगुड थोडी झाली, मग थांबली. आकडा उतरला. त्या खोलीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

मग वाक्यामागून वाक्य. आवाज नको म्हणून प्रत्येक वेळी एसी बंद करायचा आणि घाम पुसायचा. रविवारपर्यंत घसा पार फाटत आला. यंत्र 'ळ'ला 'ल' म्हणत होतं, म्हणून काकांनी कावळा, केळं, पोळी असं पुन्हा पुन्हा घोकून दाखवलं. डॉक्टरांनी जपून बोलायला सांगितलं होतं. मला ते ऐकवत नव्हतं, आणि थांबा म्हणायची सोयही नव्हती. सोमवारी सकाळी गाडीत बसताना मला काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि नुसताच हात हलवला.

दवाखान्यातून परतल्यावर बरेच दिवस त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. पाटीवर लिहून काम भागवत. एका दुपारी मी वर गेले तेव्हा ते कीबोर्डपुढे बसले होते. एकेका बोटानं काहीतरी टाइप केलं, आणि स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"चहा टाकतेस का, इंजिनियरबाई आल्यात!" खिडकीची काच थरथरली.

"अहो, हळू! सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

मग आतली भांड्यांची खडबड थांबली. काकू दारात आल्या, हातात सांडशी तशीच. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

काकांनी त्यांच्याकडे एकवार बघितलं. मग पुन्हा कीबोर्डकडे वळले. आवाज मात्र त्यांनी कमी केला नाही.