तांब्याची तार आणि वहिनी

"जरा काढून दे गं. एक वेढा सैल राहिलाय."

वहिनींचं हे वाक्य मी जिन्यात ऐकलंय, भाजीवाल्यासमोर ऐकलंय, एकदा तर बारशाला पाळण्यापाशी ऐकलंय. वाक्य पुरं होईपर्यंत त्यांचा हात आमच्या गळ्याशी पोचलेला असायचा. स्वतःच करून दिलेलं पेंडंट त्या काढून घ्यायच्या, चष्मा कपाळावर सरकवून उजेडात धरायच्या आणि घरी न्यायच्या. चार दिवसांनी ते परत यायचं. सैल वेढा कुठे होता आणि आता कुठे गेला, हे आम्हां कुणालाच कळायचं नाही.

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी बरोबर त्यांच्या खाली. तारेत रंगीत दगड बांधून त्या पेंडंट, कानातले, अंगठ्या करायच्या. दगडाला भोक पाडायचं नाही, काही चिकटवायचं नाही. नुसते तारेचे वेढे घालून त्याला धरायचं. पट्ट्यापट्ट्यांचा अकीक असायचा, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, दुधी मूनस्टोन. बाल्कनीत एक टेबल, त्यावर दोन पकडी, एक कटर आणि तारेची रिळं, एवढाच सगळा कारखाना.

पण टेबलाशी बसलेल्या वहिनी मी क्वचितच पाहिल्या. त्या चालत चालत वेढे घालायच्या. रविवारी मी पेपर तपासायला बसले की माझ्या डोक्यावर त्यांची पावलं सुरू असायची. बाल्कनी, स्वयंपाकघर, पुन्हा बाल्कनी. मधेच जिन्यात कुणाची चाहूल लागली की पावलं झपाट्याने दाराकडे जायची. थोडा वेळ तिथे थांबायची. मग परत फिरायची.

दाराकडे का, ते आम्हां शेजाऱ्यांना माहीत होतं. त्यांचे यजमान ठाण्यात कोलशेतला एका कंपनीत विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे, म्हणजे आत तांब्याच्या तारेचे वेढे भरायचे. कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी तेच काम घरच्या बाल्कनीत सुरू केलं. पंप, पंखे, मिक्सर यायचे. माणूस अबोल, पण कामाला पक्का. एके दिवशी सकाळी चहा पिऊन ते "कल्याणला जाऊन येतो, वार्निश संपलंय" म्हणून निघाले, ते आलेच नाहीत.

पोलिसांत कळवून झालं, नातेवाइकांनी शोधून झालं, पेपरात फोटो देऊन झाला. मूलबाळ नव्हतं. वर्षभराने लोकांनी विचारायचंही सोडलं. बाल्कनीत तांब्याच्या तारेची रिळं तशीच पडून होती. एकदा मी वाटीभर आमटी घेऊन वर गेले, तर वहिनी कुंडीतल्या एका गुळगुळीत खड्याला ती तार गुंडाळत होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "हातात काही नसलं की डोकं फार चालतं गं." नंतर माझ्या भाचीने त्यांना मोबाइलवर चार व्हिडिओ दाखवले, दगड कुठून मागवायचे ते सांगितलं, आणि वहिनींचं काम सुरू झालं.

माझ्या गळ्यातला हिरवा दगड त्यांनी पाच वेळा उलगडून पुन्हा बांधला. पाचव्यांदा तर त्या पकड घेऊन थेट शाळेत आल्या. शिक्षकांच्या खोलीत मला उभं करून त्यांनी गळ्यातल्या गळ्यातच तार आवळली. मुख्याध्यापिका बाई हातात रजिस्टर घेऊन दारात थांबून राहिल्या. जाताना वहिनींनी त्यांच्याही गळ्याकडे निरखून पाहिलं. तिथलं मंगळसूत्र सोन्याचं होतं, म्हणून वाचलं.

बाकी सगळीकडे फिरणाऱ्या वहिनी एक गोष्ट मात्र करायच्या नाहीत. रात्री घराबाहेर राहायच्या नाहीत. भावाने गावी बोलावलं, बहिणीने दिव्याला राहायला बोलावलं. त्या सकाळपासून सात वर्षांत त्या कुठेही मुक्कामाला गेल्या नाहीत. आम्ही कारण विचारलं नाही.

मग ठाण्यात महिला मंडळाचं प्रदर्शन भरलं. मी सोबतीला गेले होते. वहिनी स्टॉलमागे पाच मिनिटंही टेकल्या नाहीत. एका बाईंनी कानातले घेतले, तर त्यांच्यामागे रिक्षा स्टँडपर्यंत धावत जाऊन ते परत घेऊन आल्या. मागोमाग त्या बाई आणि त्यांचे यजमानही आले. वहिनी कानातल्याचा आकडा नीट करत असताना ते गृहस्थ त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, ओळखलं नाहीत? मी कोलशेतच्या कंपनीत होतो. भाऊ बरे आहेत ना? दिवाळीआधी खडवलीला भेटलेले, नदीकडच्या फार्महाऊसवर. पंप दुरुस्त करत होते."

वहिनींनी आकडा वळवून पुरा केला. कानातले पुडीत घातले. "हो, बरे आहेत," म्हणाल्या. ते दोघं गेल्यावर खुर्चीत बसल्या, आणि प्रदर्शन संपेपर्यंत उठल्या नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी खडवलीला गेलो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला विचारलं, तर "पंपवाले काका ना?" म्हणत त्याने सरळ नेऊन सोडलं. आंब्याच्या चार झाडांमागे एक खोली होती. बाहेर उघडलेली मोटर, आणि तिच्यापुढे ते पाटावर बसलेले. केस पांढरे झाले होते. आम्हाला पाहून उठले, हात पुसले. मला म्हणाले, "बाई, तुम्ही पण बसा." बसायला त्यांच्या पाटाशिवाय तिथे काहीच नव्हतं.

वहिनींनी विचारलं, "वार्निश मिळालं?"

त्यांनी हातातलं फडकं मोटरीवर ठेवलं. म्हणाले की दोनदा परत यायला निघालेलो, डोंबिवलीला उतरलेलो, स्टेशनच्या पुलावरून मागे फिरलो. कंपनी गेल्यावर घरात बसवत नव्हतं. का, ते तेव्हाही सांगता येत नव्हतं, आत्ताही येत नाही.

वहिनींच्या गळ्यात तपकिरी अकीक होता. यजमानांची नजर तिथे गेली. थोडं पुढे वाकून त्यांनी वेढे पाहिले, अगदी जुन्या कामगाराच्या नजरेने.

"कुणी केलंय?"

"मी."

"तार माझी?"

"तुमची संपली. ही विकतची आहे."

"ओढ सगळीकडे सारखी आहे," ते म्हणाले. "चांगलं झालंय."

मला वाटलं, आता त्या म्हणतील, घरी चला. पण त्यांनी पदर सारखा केला, मला "चल" म्हणाल्या, आणि रस्त्याकडे चालू लागल्या. ते फाटकापर्यंत आले. त्यांनी थांबवलं नाही, वहिनींनी मागे पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर त्या फक्त एवढंच बोलल्या, की माणूस वाळलाय जरा.

त्यानंतर माझ्या डोक्यावरची पावलं बंद झाली. चार दिवस मी ऐकत राहिले आणि शेवटी घाबरून वर गेले. दार उघडंच होतं. वहिनी दोन मोठ्या बॅगा भरत होत्या.

"गुजरातेत, खंभातला जाते," म्हणाल्या. "अकीक तिथे कापतात, घासतात. एवढी वर्षं हातात घेतला, कापताना कधी पाहिला नाही."

"परत कधी येणार?"

"ते नाही ठरवलं." बॅगेची चेन अडकली होती, ती त्या ओढत राहिल्या. "अगं, ते आले आणि दार बंद दिसलं तर, म्हणून इथे होते. आता माहितीये ना, ते कुठे आहेत. मग मी कशाला थांबू?"

आठवड्याभरात त्या गेल्या. घर भाड्याने दिलं. आता वर एक तरुण जोडपं राहतं, दोघंही दिवसभर कामावर असतात. मला त्या शांततेची अजून सवय झालेली नाही.

मागच्या महिन्यात मी शाळेतून आले, तर आमच्या जिन्यात वहिनींचे यजमान बसलेले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. वरच्या दारावर दुसरं नाव पाहून खाली आले होते. मी सांगितलं, त्या खंभातला आहेत, कधी येणार ते माहीत नाही. त्यांनी दोनदा मान हलवली. मी आत बोलावलं, नको म्हणाले. पाणी तेवढं प्यायले, ग्लास जपून माझ्या हातात दिला आणि कठड्याला धरून उतरून गेले.

मी लगेच वहिनींना फोन लावला. त्यांच्या मागे दगड कापायच्या चाकाचा कर्कश आवाज येत होता. मी सगळं सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "जेवून गेले का?"

"नाही. नुसतं पाणी प्यायले."

चाक फिरत होतं. कुणीतरी त्यांना गुजरातीत हाक मारली.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "इथे आवाज फार आहे गं. ठेवते."