आठ बोर्डांचं पाणी

कचरू तायडेचा जन्म वडनेर भोलजीचा, पण माणूस घडला तो धरणाच्या कामावर. त्याच्या बापानं आयुष्यभर तुराट्यांचे कूड बांधले. तुराट्या उभ्या लावायच्या, आडव्या कांबीनं आवळायच्या, वरून शेणमाती. कूड जितका आवळावा तितका चांगला. एवढी विद्या घेऊन कचरू साठ साली धरणावर गेला. तिथं ओव्हरसियर लोकांच्या क्वार्टरांत हार्डबोर्डाच्या भिंती उभ्या राहत होत्या. वीट नाही, माती नाही. लाकडाचा सांगाडा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी आठ बाय चार फुटांचे तपकिरी तक्ते. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर जाळी उमटलेली.

पहिली भिंत त्यानं बापासारखीच लावली. एप्रिल महिना, बोर्ड कोरडे, एकाला एक घट्ट भिडवलेले. जुलैत ती भिंत गाभण म्हशीसारखी फुगली. कामावरच्या दयाराम मिस्त्रीनं शिव्या दिल्या नाहीत. त्यानं कचरूच्याच हातानं सगळे खिळे उपटून घेतले आणि मग शिकवलं. बोर्ड लाकडाच्या लगद्याचा, हवेतली ओल पितो. म्हणून लावण्याआधीच त्याला पाणी द्यायचं, जाळीच्या बाजूनं. मग पाठीला पाठ लावून एक दिवस वजनाखाली ठेवायचा. फुगायचं तेवढं जमिनीवर फुगू द्यायचं आणि ओलसर असतानाच ठोकायचा, म्हणजे वाळताना तो आपोआप ताणून बसतो. खिळे मधून कडेकडे न्यायचे, काठापासून अर्धा इंच आत. दोन बोर्डांमध्ये खिळ्याच्या जाडीची फट.

एकदा फुगलेली भिंत पाहिली की ती विसरता येत नाही. माणसाच्या आत कुठंतरी ती फुगतच राहते.

धरण झालं. कचरू नांदुऱ्याला येऊन रेल्वे लाइनीपलीकडं बुद्धवाड्यात राहिला. आठ महिने खुर्च्यांचे पाय, दारांच्या बिजागऱ्या, बाजेच्या माचव्या. मग धान्याचे अडते भगवंतराव यांनी बोलावलं. मुलाचं लग्न नऊ दिवसांवर होतं आणि माजघरातून नव्या जोडप्यासाठी एक खोली काढायची होती. विटेची भिंत वाळायला वेळ नव्हता. भगवंतरावांनी खामगावला कुणाकडं तरी बोर्डाचं पार्टिशन पाहिलं होतं.

मोठ्या घरातलं हे कचरूचं पहिलं काम. ते सपाट उभं राहिलं तर पुढची कामं होती. फुगलं तर गावात एवढंच बोललं जाणार होतं की त्या लोकांनी आपले कूडच बांधावेत.

दोन दिवसांत सांगाडा झाला. ओळंबा धरून त्यानं तो चार वेळा तपासला. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ बोर्ड आले. त्यानं ते ओसरीत पालथे मांडले आणि म्हणाला, "दोन बादल्या पानी पायजे."

भगवंतरावांची आई सत्यभामाबाई उंबऱ्यात बसली होती. "प्याले पायजे तं देतो ना. इतकं काहाले?"

"प्याले नाई, आजी. बोर्डाले."

भगवंतराव बाजारात निघाले होते, ते थांबले. "पागल झालास काय बे? दुकानदारानं सांगतलं, पान्यापासून जपा. आन तू नवे बोर्ड धुऊन राह्यला?"

"लावल्यावर जपाचं, भगवंतराव. लावाच्या आंदी द्याचं. नाई तं मिरगात भिंत फुगन."

भगवंतरावांना ते अर्धंमुर्धं पटलं. पण पाणी काढणार कोण? आड अंगणात होता. घरातल्या बाया पापडांना शेजारी गेल्या होत्या.

"म्या काढतो," कचरू म्हणाला.

भगवंतरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "हे पाह्य, मी काई पाळत नाई. पन आईचं वय झालं."

"माह्यं नाव काऊन घेतं रे?" सत्यभामाबाई म्हणाली. "लग्नाचे पाव्हने येतीन, ते काय म्हनतीन ते म्हन."

"तसेच ठोक," भगवंतराव म्हणाले. "कोरडे."

"तसे नाई लागत."

त्यानं हातोडी पिशवीत घातली आणि तो घरी गेला.

केसरबाई भाकरी थापत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "ठोकून द्या ना कोरडे. त्याईची भिंत, त्याईचं नशीब. पान्यासाठी भांडाले तुमी तिथं गेले होते, का भिंत उभी कराले?"

"भिंतच उभी कराची हाये. वाकडी नाई कराची."

"मंग कोनाचं पानी घेसान?"

"आपलं."

बुद्धवाड्याची विहीर पाच वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून खणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरूनं तिथून तेलाचे दोन पत्र्याचे डबे भरले, सायकलच्या कॅरिअरला दोन्हीकडून बांधले आणि फाटक ओलांडून पायी ढकलत आणले. निम्मा रस्ता त्याच्या पॅन्टवर पाणी हिंदकळत होतं. भगवंतरावांच्या ओट्याशी त्यानं डबे उतरवले.

सत्यभामाबाईनं विचारलं, "हे पानी कोठचं?"

"आमच्या इहिरीचं."

ती ओसरीतल्या बोर्डांकडं पाहत राहिली. त्या भिंतीच्या एका अंगाला माजघरातले देव राहणार होते. आता निवड तिची होती: हे पाणी आत घ्यायचं, नाहीतर आपलं द्यायचं. कचरूनं यातलं काही योजलेलं नव्हतं. त्याला फक्त ओले बोर्ड हवे होते.

"ठेव तुहं पानी भाईरच," ती म्हणाली आणि उठली. सत्तरीची बाई. आडाशी जाऊन तिनं दोर सोडला. पहिली बादली आणली तेव्हा ती धापा टाकत होती. दुसरी अर्धीच आली. कचरू ओसरीच्या कडेला हात मागं बांधून उभा होता. हात पुढं करावा आणि तो नाकारला जावा, एवढं आता त्याला परवडणारं नव्हतं.

"जाळीवर, आजी. गुळगुळीत बाजूले नोको."

"सारा जलम सारवन्यात गेला माह्या. तू मले शिकवतं?"

तिनं फडकं बुडवलं आणि बोर्ड सारवायला सुरुवात केली, अर्धगोल, हाताएवढा, एकावर एक. कुठं कोरडं राहिलं नाही, कुठं थारोळं साचलं नाही. आठही बोर्ड तिनं केले. पाणी इतकं सारखं बसलेलं कचरूनं धरणावरही पाहिलं नव्हतं, आणि ते तिला सांगावं की नाही हे त्याला ठरवता आलं नाही. त्यानं बोर्ड पाठीला पाठ लावून रचले आणि वर वजनाला जात्याचे दगड ठेवले. डब्यांतलं पाणी दिवसभर ओट्याखाली तापलं. जाताना त्यानं ते रस्त्यावरच्या लिंबाला घातलं.

पाचव्या दिवशी भिंत उभी राहिली. लग्न झालं.

श्रावणात निरोप आला, भगवंतरावांनी बोलावलंय. पाऊस आठ दिवस थांबला नव्हता. कचरू गेला तो कारण न विचारता गेला. आत शिरल्यावर आधी त्यानं भिंतीला गाल लावून लांबीतून नजर टाकली. भिंत तळ्यासारखी सपाट होती.

"पाहून काय राह्यला? काईच झालं नाई तिले," भगवंतराव म्हणाले. "वरच्या माडीवर टिनाखाली शिलिंग मारून दे. बोर्ड आनले बी." मग अंगणाकडं बोट करून, जरा मोठ्यानं, "दोर तिथंच हाये. काढ पानी तुले लागन तितकं."

कचरूनं आडाकडं पाहिलं. मे महिन्यात त्यानं एवढंच मागितलं होतं. आता ते मिळत होतं, आणि ते एका सपाट भिंतीच्या बदल्यात मिळत होतं. पुढच्या घरी ते पुन्हा मागावं लागणार, आणि प्रत्येक घरी आधी एक भिंत द्यावी लागणार.

"म्या बोर्ड लावतो," तो म्हणाला. "पानी घरच्यानं काढाचं, आन घरच्यानंच माराचं. ज्याच्या घरी होत नसन त्याचं काम मी घेत नाई."

"मले सांगून राह्यला?"

"समद्यायलेच सांगनार हाये. तुमचं पह्यलं घर."

आतून म्हातारी हसल्याचा आवाज आला. भगवंतरावांनी धोतराचा काष्टा खोचला, आडाशी गेले आणि वजन तोलत दोर ओढू लागले. माडीवर बोर्ड पालथे मांडून कचरू वाट पाहत होता. ते बादली घेऊन जिना चढून आले आणि त्यांनी ती कलती केली, तसा तो खाली वाकला.

"ओता नोको," तो म्हणाला. "फडक्यानं. ओलं झालं पायजे, वाह्यलं नाई पायजे."