श्वासताईची पट्टी

तिच्याकडे लोकांचं पहिल्यांदा लक्ष जातं ते तिच्या आवाजामुळे. माणूस सीटी स्कॅनच्या अरुंद पलंगावर उताणा पडलेला असतो, खोलीत दुसरं कोणी नसतं, आणि छतातल्या स्पीकरमधून बाईचा शांत आवाज येतो, "श्वास घ्या... रोखून धरा... हं, सोडा आता." एकदा यंत्र मध्येच अडलं आणि त्या धांदलीत ती "सोडा" म्हणायलाच विसरली. पलंगावरच्या आजोबांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग न राहवून विचारलं, "बाई, श्वास सोडू की जीव?" तेव्हापासून सगळा विभाग तिला श्वासताई म्हणतो.

तिचं खरं काम मात्र काचेच्या अलीकडे, पडद्यासमोर. शरीरातून गेलेल्या किरणांचे यंत्र आकडे करतं: पाण्याचा शून्य, हवेचा उणे हजार, हाडाचा कित्येक शेकड्यांत. एवढ्या सगळ्या छटा एकदम पडद्यावर ओतल्या तर डोळ्याला नुसता करडा चिखल दिसेल. म्हणून हवा तेवढाच पट्टा निवडायचा. त्याच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं, आणि मधल्या छटा ऐसपैस पसरलेल्या. पट्टा किती रुंद आणि त्याचा मध्य कुठे, हे दोन आकडे जमले की चित्र बोलायला लागतं. फुप्फुसात हवा, म्हणून मध्य खूप खाली आणि पट्टा रुंद. हाडांनाही रुंदच, पण मध्य वर. मेंदूला मात्र पट्टा अगदी अरुंद, कारण तिथलं सगळंच एकमेकांशी मिळतंजुळतं.

"कापडाच्या एकाच ठाणातले दोन तुकडे ओळखायचे असतात हो," असं ती नवऱ्याला सांगायची. नवरा शिंपी, त्याला लगेच पटायचं.

त्याच्याच दुकानात पहिली कुरबूर झाली. संध्याकाळी हातशिलाईचं काम ती करत असे. एक दिवस गिऱ्हाईक काळी पँट घेऊन परत आलं. खालची दुमड गडद निळ्या दोऱ्याने शिवलेली.

"अगं, हा काळा आहे का?" शिंप्याने दोरा तिच्यापुढे नाचवला.

"तुमच्या दुकानात उजेड आहे का? बल्ब बदला आधी."

बल्ब बदलला. महिन्याभरात पुन्हा बदलला. तिसरा आणला तो इतका झगझगीत, की समोरचा न्हावी विचारायला आला, शूटिंग आहे का. तरी ती म्हणाली, "अंधुकच आहे."

"बल्ब झाले सगळे," शिंपी म्हणाला. "आता नवरा बदलायचा तेवढा राहिलाय."

"तो खर्च परवडत नाही म्हणून थांबलेय," ती म्हणाली.

तिकडे दवाखान्यातही तेच. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर मॅडम एकदा फिल्म हातात घेऊनच आल्या. "ताई, हल्ली तुमचे मेंदू म्हणजे नुसता चुना आणि कोळसा. पट्टा एवढा का आवळताय?"

"स्क्रीन गेलीय मॅडम. आवळल्याशिवाय काही दिसतच नाही."

तिने इंजिनिअरला बोलावलं. त्याने पडद्यावर तपासणीचं चित्र लावलं. त्यात काळ्या चौकोनाच्या आत एक जेमतेम कमी काळा चौकोन असतो. तो दिसला तर पडदा ठीक.

"दिसतोय की," इंजिनिअर म्हणाला.

"कुठे दिसतोय? मामा, तुम्ही बघा हो."

स्ट्रेचर ढकलणारे मामा दारातूनच म्हणाले, "हा काय, चौकोनाच्या पोटात चौकोन."

इंजिनिअर बॅग आवरत होता तेव्हा तिने केस सारखे केल्यासारखं करून उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. चौकोन पुसटसा उमटला. मग डावा डोळा झाकला. सगळं काळं.

म्हणजे बल्ब ठीक होता, पडदाही ठीक होता. शिंपी तर बिचारा ठीकच होता.

तरी तिने कोणाला सांगितलं नाही. पाठ गेलेल्या एका सहकाऱ्याला मागे नावं नोंदवायच्या काउंटरवर बसवलं होतं, "थोडे दिवस" म्हणून. तिथे बसलेला माणूस परत आत आलेला तिने कधी पाहिला नव्हता. आणि आकडे तर तिला तोंडपाठ होते. मेंदूला ऐंशी रुंदी, चाळीस मध्य. ते टाकायला डोळे कशाला हवेत? ती आकड्यांवर काम करू लागली. फिल्म एकदम झकास येऊ लागल्या.

"आता कसं!" मॅडम म्हणाल्या. "स्क्रीन बदलली वाटतं?"

"हो ना," ती म्हणाली, आणि दिवसभर तिचं जेवणात लक्ष लागलं नाही.

मग एका दुपारी एका बाईंना आणलं. सकाळपासून बोलणं अडखळत होतं आणि उजव्या हातातून पेला निसटला होता. बरोबरची मुलगी सारखी म्हणत होती, "आई, माझ्याकडे बघ ना." मेंदूत रक्त सांडलं असेल तर पांढरं डोळ्यात भरतं, तसं काही नव्हतं. पण रक्त पोचलं नसेल, तर सुरुवातीला त्या जागी अगदी हलका फरक पडतो. अशा वेळी पट्टा नेहमीपेक्षाही अरुंद करून दोन्ही बाजू ताडून बघाव्या लागतात. तिला शंका आली की ती मॅडमना लगेच फोन करायची, मग त्या हातातलं टाकून यायच्या. शंका नसली की स्कॅन आपल्या क्रमाने वाचला जायचा.

तिने रुंदी चाळीसवर आणली. डावी बाजू बघितली, उजवी बघितली. सारख्याच दिसत होत्या. पण निळा दोराही तिला काळ्यासारखाच दिसला होता.

तिने फोन उचलला. "मॅडम, लगेच या."

"काय दिसतंय?"

"मला दिसत नाहीये मॅडम. म्हणूनच या."

मॅडम आल्या, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि पट्टा थोडा सरकवला. "डावीकडे बघा. इथे कडा पुसली गेलीय." लगेच फोन झाले, मामांनी स्ट्रेचर वळवलं, आणि बाईंवर वेळेत उपचार सुरू झाले. मुलीने जाता जाता ताईचा हात दाबला.

खोली रिकामी झाल्यावर मॅडमनी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या बल्बपासून," ती म्हणाली, आणि मग रडता रडता बल्बांची सगळी हकीकत सांगितली. मॅडमना हसू आवरेना.

"अहो ताई, मोतीबिंदू दिसतोय. माझ्या आईचा काढला तर ती दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडावरचे डाग मोजायला लागली."

"पण काउंटर..."

"बसायचं काउंटरवर, डोळे होईपर्यंत. तुमची खुर्ची मी राखते. मला तो चुना-कोळसा पुन्हा नकोय."

दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा शिंप्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही केव्हा एवढे पिकलात?"

"बल्ब बदलता बदलता," तो म्हणाला.

सध्या ती सकाळच्या पाळीला पडद्यासमोर असते. संध्याकाळी काळ्या पँटींच्या दुमडी तीच शिवते, आणि तो झगझगीत बल्ब आता न्हाव्याच्या दुकानात आहे.