म्हशीच्या वेळेचं जेवण

माणूस भेटल्यावर त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघणारी बाई अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि ती आमच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकवते. आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो. तशा कॉलेजात बाई पुष्कळ आहेत, पण ‘बाई आल्या’ असं कुणी कुजबुजलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे आपापले डोळे सांभाळतात. पापणीची आतली बाजू लाल असली तर ठीक, फिकी दिसली तर अंगात रक्त कमी, एवढं साधं ते शास्त्र. ते कुठं वापरावं आणि कुठं वापरू नये याचा मात्र बाईंना काही धरबंध नाही. एसटीत कंडक्टर तिकिटाचे सुट्टे मागत असताना त्यांनी त्याचा डोळा बघितलेला आहे. एका लग्नात अक्षता पडल्यावर आम्ही सगळे जेवणाच्या हॉलकडे धावलो, आणि बाई स्टेजवर चढून नवरीच्या मुंडावळ्या बाजूला सारून तिची पापणी ओढत उभ्या राहिल्या. फोटोग्राफरनं इमानदारीत तोही फोटो काढला आणि तो आल्बममध्ये आहे. एकदा प्राचार्य त्यांना कशावरून तरी फैलावर घेत होते. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढं वाकून म्हणाल्या, “सर, जरा वर बघा. हां. तरीच चिडचिड व्हायलीया तुमची.” त्यानंतर प्राचार्य त्यांच्याशी टेबलाच्या पलीकडूनच बोलतात.

मी भूगोल शिकवतो. आरोग्याशी माझा संबंध सर्दी झाली तर वाफ घेण्यापुरताच. पण माझ्याकडे एक जुनी व्हॅन आहे, आणि कॉलेजनं ‘आरोग्य आपल्या दारी’ असा विस्तार उपक्रम उचगावात सुरू केला तेव्हा बाईंनी माझी सहसमन्वयक म्हणून नेमणूक करून घेतली. नेमणूक व्हॅनची होती, मी तिच्यासोबत आलो. दर शनिवारी कॉलेजच्या दहा-बारा मुली, एक वजनकाटा, रक्त तपासायचं छोटं यंत्र आणि बाईंची ती अगडबंब पर्स असा लवाजमा घेऊन आम्ही निघायचो. त्या पर्समध्ये कंगवा, पावडर असलं काही मी कधी बघितलं नाही. फुटाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, तळाला दोन-चार लिंबं. सिग्नलला शेजारच्या गाडीवर एखादी अशक्त पोरगी दिसली की बाई काच खाली करून तिच्या हातात लाडू ठेवायच्या, आणि सिग्नल सुटल्यावर ती पोरगी बराच वेळ आमच्या व्हॅनच्या मागं बघत राहायची.

चहा हा बाईंचा हाडवैरी. जेवणावर चहा पिला की अन्नातलं लोह अंगाला लागत नाही, हे त्या इतक्या तळमळीनं सांगायच्या की ऐकणाऱ्याला कपाला हात लावताना चोरी केल्यासारखं वाटावं. पण आमच्याकडं दारात आलेल्या माणसानं चहाला नको म्हटलं तर घरचे लोक पुढची काही वर्षं लक्षात ठेवतात. बाईंनी त्यावर तोडगा काढला होता. त्या चहा हसून घ्यायच्या, हातात धरायच्या, घरातली बाई आत वळली की कप माझ्या हातात द्यायच्या. अशा रीतीनं उचगावातल्या यच्चयावत घरांचा चहा मी पिलेला आहे. माझ्या ॲसिडिटीची जबाबदारी कॉलेजच्या विस्तार विभागावर टाकावी असं मी एकदा बाईंना म्हटलं, तर त्यांनी पर्समधून गुळाचा खडा काढून दिला.

उद्घाटनाच्या शिबिराची आठवण आली की मला अजून घाम फुटतो. कॉलेजनं रीतसर मोठा फलक करून दिला होता, पाहुणे बोलावले होते. बाईंनी पाहुण्यांना गुच्छाऐवजी मेथीची जुडी दिली. ते बिचारे ती छातीशी धरून आरोग्यावर बोलत राहिले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर माती गळत राहिली. फलक बाईंनी खाली काढून जमिनीवर अंथरला आणि म्हणाल्या, “बायकास्नी बसाय व्हईल.” बसायला बायका मात्र आल्याच नाहीत. मंदिराच्या सभागृहात सकाळी अकरा वाजता कुठली बाई मोकळी असणार? आलेले सगळे पुरुष होते, आणि त्यातल्या निम्म्यांना चष्मा फुकट मिळतो असं कुणीतरी सांगितलं होतं. पुढच्या शनिवारी बाईंनी सगळा लवाजमा भल्या सकाळी दूध संस्थेच्या दारात नेऊन मांडला. दूध घालायला किटली घेऊन बायका येतातच, येणं चुकत नाही. आत दुधाची फॅट तपासली जायची, बाहेर बाईंचं यंत्र. “म्हशीच्या दुधात काय हाय त्ये रोज बगतासा की,” बाई हाताला धरून म्हणायच्या, “मग आपल्या रगतात काय हाय त्ये बी एकदा बगा.” बायका लाजत-हसत बोट पुढं करायच्या. तिथंच स्वाती सापडली.

स्वाती म्हणजे गावातल्या शेवंताआक्कांची सून. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पहिलंच बाळंतपण, पाचवा महिना. बारीक अंगाची, बोलण्यात चटपटीत पोरगी. यंत्रावरचा आकडा बघून बाईंनी नेहमीसारखा विनोद केला नाही. त्यांनी तिला त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की रक्त असंच राहिलं तर बाळंतपणात जरा जास्त रक्तस्राव झाला तरी पोरगी हाताला लागायची नाही. हातात तीन-चार महिने आहेत, वाढवा. लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या दिवसापासून आमचा उपक्रम कागदावर गावासाठी असला तरी मनातून तो स्वातीसाठी होता, हे मुलींनाही कळत होतं.

महिन्यानं परत तपासलं तर आकडा जागचा हललेला नव्हता. बाई तशाच उठल्या आणि माझ्यासकट शेवंताआक्कांच्या दारात गेल्या. आक्का गोठ्यात होत्या. साठीकडं झुकलेल्या, उंच, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानं ओ द्यावी. त्यांच्या शेजारी एक म्हैस उभी होती, आणि भूगोलाच्या माणसालाही कळावं इतकी ती तुकतुकीत होती.

“आक्का, पोरगीला गोळ्या देतासा न्हवं?” बाईंनी विचारलं.

“कुठल्या? त्या तांबड्या? त्या म्हशीला घातल्या की,” आक्का कौतुकानं म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. “पेंडंत कालवून. ह्या पोरीला त्या खाल्ल्या की उलटी यायची. आनि ही बी गाभण हाय की वं बाई. एवडं चांगलं औशिद वाया कशापाय घालवायचं?”

मला हसू आवरेना, म्हणून मी खाली बघून चप्पल नीट करू लागलो. आता बाई कडाडणार असं मला वाटलं. पण बाईंनी तिथलीच एक पालथी बादली ओढली, तिच्यावर बसल्या आणि म्हशीचं खाणंपिणं विचारायला लागल्या. आक्कांची कळी खुलली. पहाटे उठून कोमट पाणी, मग सरकी पेंड, मक्याचा भरडा, वर गुळाचा खडा. दुपारी ओली वैरण. सांजच्याला परत भरडा. “येळ चुकली तर वराडून गल्ली गोळा करती. माणसं उपाशी ऱ्हातील, पर हिची येळ आजवर चुकीवल्याली न्हाई म्या.”

“आनि स्वाती काय खाती?” बाईंनी विचारलं.

आक्कांनी म्हशीपुढची वैरण सारखी केली. “काय म्हंजे... घरात असंल त्ये. समद्यांचं झाल्यावर. भाकरी असती, भाजी-कोरड्यास उरल्यालं असतंय.” मग जरा चढ्या आवाजात, “आमी बी तसंच खाल्लं की वं बाई. आमी काय मेलो?”

बाईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, “उद्यापास्नं म्हशीला घालशीला त्या येळंला हिला घाला. म्हशीच्या मागनं, पर बाप्यांच्या आदी. गोळी पोट भरल्यावर लिंबाच्या पाण्यासंगं द्या, उलटी व्हायची न्हाई. एवडं माजं ऐका.” आक्कांनी थोडा विचार केला. सुनेनं सासऱ्याच्या आधी जेवायचं हे त्यांच्या डोक्यात शिरलं नसतं, पण म्हशीची वेळ ही त्यांची वेळ होती. तिला धरून आणखी एक ताट वाढायचं, यात त्यांना वावगं काही दिसलं नाही. “बगतो,” त्या म्हणाल्या.

आणि खरोखरच त्यांनी तो नेम धरला. पहाटे म्हशीला भरडा घातला, की स्वातीला भाकरी, मेथी, गूळ-शेंगदाणे. संध्याकाळी म्हैस हंबरली की आक्का चुलीपाशी ओरडायच्या, “स्वाते, बस ताटावर, येळ झाली!” घरचे पुरुष पहिले काही दिवस गोंधळले. सासऱ्यांनी कट्ट्यावर तक्रारही केली की आमच्यात आता म्हस पयली, सून दुसरी आणि आमी तिसरं. पण आक्कांपुढं बोलायची त्यांची टाप नव्हती. स्वाती दूध संस्थेत भेटली की हसून सांगायची, “बाई, मला आता म्हस वरडली की आपोआप भूक लागतीया.” गोळी तिच्या तोंडात जाते की गोठ्यात, याची खात्री करायला बाई अधूनमधून अचानक धाड घालायच्या. आकडा हळूहळू चढला. प्रत्येक वेळी चढला की बाई सगळ्या मुलींना खजूर वाटायच्या, आणि एक मला, चहा पिल्याबद्दल.

म्हैस आधी व्याली. रेडी झाली, म्हणून आक्कांनी गल्लीत पेढे वाटले. मग स्वातीच्या कळा सुरू झाल्याचा निरोप आला, आणि बाईंनी कॉलेजात तास सोडून मला व्हॅन काढायला लावली. दवाखान्याच्या व्हरांड्यात आक्का आणि बाई शेजारी शेजारी बसल्या. बाई संत्री सोलत होत्या. एक सोलून झालं की ते तसंच मांडीवर ठेवून दुसरं घ्यायच्या. खाल्लं कुणीच नाही. जन्मभर समोर दिसेल त्याला खायला घालणाऱ्या या बाई हातातलं संत्र कुणाला द्यायचंही विसरल्या होत्या, आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्याविषयी फार माया वाटली. दुपारी नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. रक्त बऱ्यापैकी गेलं होतं, पण स्वातीनं निभावून नेलं होतं. रक्ताची बाटली चढवायची वेळ आली नाही. बाई दोन्ही हात तोंडावर ठेवून रडल्या. आक्कांनी पदर खोचला. मग उठून मुलाला म्हणाल्या, “जा, पेडं आन. रेडी झाली तवा वाटलं, मग पोरीला नगोत व्हय?”

बारशाला आम्हाला आवर्जून बोलावणं होतं. पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग जेवणाची वेळ आली. पुरुष सवयीनं हात धुऊन पाटाकडं निघाले, तर स्वातीच दारात उभी राहिली. “थांबा जरा. पयली पंगत बायकांची हाय.” आणि बाळ एका हातानं छातीशी घेऊन तिनं सासूचा हात धरला. “आत्ती, तुमी बसा.”

“मी? मी कशाला बसतो आत्ता? मला वाडाय न्हाई व्हय?” आक्कांनी हात सोडवायचा प्रयत्न केला. पण दोघी-तिघींनी मिळून त्यांना पाटावर बसवलंच. समोर पुरणपोळी, कटाची आमटी, भात. सगळं आत्ता चुलीवरून उतरलेलं. आक्का ताटाकडं बघत राहिल्या. त्यांनी घासही उचलला नाही. आम्हाला वाटलं, रागावल्या. मग त्या, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात असं मला वाटतं, म्हणाल्या, “ह्या घरात आल्यापास्नं माज्या म्होरं कदी वाफ निगत्यालं ताट आलं न्हवतं.” आणि पदरानं डोळे पुसून जेवायला लागल्या. पुरुष दारात उभे होते.

परत येताना उड्डाणपुलाखाली गर्दीत आमची व्हॅन अडकली. बाई शेजारी बसल्या होत्या, पर्स मांडीवर. त्या मूळच्या चंदगडकडच्या, घरात पाच भावंडं, बाई सगळ्यात धाकट्या. एवढंच मला माहीत होतं. काचेतून बाहेर बघत त्या म्हणाल्या, “सर, मी इतकी वर्षं गावोगाव फिरून बायकास्नी विचारत आलो, की काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं. आमची आई समद्यांच्या शेवटी बसायची, चुलीकडं तोंड करून. आमी तोवर अंगणात खेळायला गेलेलो असायचो. तिच्या ताटात काय असायचं, मला म्हाईतच न्हाई.”

मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. मी व्हॅन पुढं घेतली.